आजोबांचा बबल टी

आजोबांच्या पिंडाला कावळा शिवेना. मुलाने जमिनीचा वाद मिटवायचा शब्द दिला, जावयाने तर दारूच सोडली, तरी समोरच्या पिंपळावर कावळा ढिम्म बसून राहिला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

"त्यांना माझा बबल टी हवा असेल," म्हणत नात सावनीने थर्मास उघडला. डॉक्टरांनी दूध बंद केल्यापासून ती घरीच त्यांच्यासाठी तो करायची. साबुदाण्याच्या पिठाच्या गोळ्या गुळाच्या पाकात शिजवून नारळाच्या दुधातल्या चहात सोडायची. आजोबा "फक्कड!" म्हणत ग्लास रिकामा करायचे.

तिने पिंडाशेजारी ग्लास भरून ठेवला. कावळा खाली आला, त्यात डोकावला आणि पुन्हा पिंपळावर जाऊन बसला.

द्वारकाआजींना हसू फुटलं. नातीची पाठ वळली की नवऱ्याचं तोंड कसं वाकडं व्हायचं, ते फक्त त्यांनीच पाहिलं होतं. वर्षभर थेंबभर दूध मागत होते बिचारे, आणि आजींनी फ्रिजला कुलूप घातलं होतं.

त्यांनी गुरुजींपुढची दुधाची वाटी उचलली आणि अख्खी ग्लासात ओतली.

"घ्या! आता कुठला डॉक्टर येतोय ओरडायला?"

गुरुजी "अहो बाई" म्हणेपर्यंत कावळ्याची चोच ग्लासात बुडालीसुद्धा.