नळातला देव

“अवं, खाली चला की! अम्माच्या नळात देव आलाय म्हणं,” सुकन्या धापा टाकत जिना चढून आली. “हात लावला की अंगाला मुंग्या येतात. गल्लीतल्या समद्या बाया जमल्यात. मी बी जाते.”

सुदर्शननं हातातला कप तसाच खाली ठेवला. “तू हात लावलास?”

“न्हाई अजून. तांब्या न्यायला आले.”

“लावू नको. माझी शपथ हाय.” चपला न घालताच तो खाली पळाला.

हा देव कुठून आला, हे उदगीरच्या त्या गल्लीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्यानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा घरमालक ईश्वरप्पांनी, म्हणजे आप्पांनी, जिन्याखाली चार्जिंगचा पॉइंट बसवू दिला होता. पण आर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणावा लागेल म्हटल्यावर ते उखडले. “माझ्या अंगणात कुदळ पडली की खोली खाली करायची!” मग ते धान्याच्या मोंढ्यावर गेल्याचं बघून सुदर्शननं आर्थिंगची वायर गुपचूप अंगणातल्या लोखंडी नळाला जोडून घेतली. “जमिनीखाली बी लोखंडच हाय ना?” वायरमननं विचारलं होतं. “हाव,” सुदर्शननं ठोकून दिलं होतं. खालचा पाइप प्लास्टिकचा असू शकतो, हे आत्ता जिना उतरताना त्याच्या टाळक्यात शिरलं. म्हणजे करंट जमिनीत जिरतच नव्हता, नळातच थांबला होता. आज मुंग्या येत होत्या. उद्या चार्जर बिघडला तर मढं पडणार होतं.

श्रावणी सोमवार होता. अंगणभर पाणी सांडलेलं आणि त्यात अनवाणी बायांची रांग. पुढं गल्लीची अम्मा, घरमालकीण गौरम्मा उभ्या होत्या, कपाळभर विभूती लावून. एरवी नवऱ्यापुढं ब्र न काढणारी ही बाई आज सगळ्या गल्लीला हुकूम सोडत होती. “एकेक या गं! ढकलू नका!”

स्कूटर चार्जिंगलाच होती. सुदर्शननं जिन्याखाली घुसून बटण बंद केलं.

“अम्मा, मला तर कायच लागंना,” नळ धरून उभी असलेली बाई म्हणाली. गौरम्मांनी स्वतः हात लावून बघितला. त्यांचा चेहरा पार उतरला. रांगेत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलंही.

सुदर्शननं गौरम्मांना खुणेनं जिन्याखाली बोलावलं. “अम्मा, तो देव नव्हता. माझ्या गाडीचा करंट होता. चुकलं माझं. म्हणाल तर आजच खोली खाली करतो.”

गौरम्मांनी स्कूटरकडं बघितलं, वायरीकडं बघितलं. मग ओला हात पदराला पुसला.

“आप्पाला म्हाईत हाय?”

“न्हाई.”

“मग मी बी सांगत न्हाई. बटण दाब.”

“अम्मा, जीव जाईल कुणाचा तरी!”

“एकदाच दाब. आजवर माझ्या दारात कोण आलं न्हाई रे. आज बघ किती बाया आल्यात.” त्यांनी रांगेकडं बोट दाखवलं. “न्हाई दाबलास, तर आप्पाला सांगते.”

त्या परत फिरल्या. तेवढ्यात सुकन्या रांगेत दिसली, हातात तांब्या. नवऱ्याच्या शपथेपेक्षा देव मोठा. सुदर्शननं आधी चार्जरचा प्लग उपटला, हातात घट्ट धरला आणि मग मोकळंच बटण दाबलं. खट्.

तो आवाज ऐकून गौरम्मांनी डोळे मिटले आणि नळावर हात ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचं अंग थरथरायला लागलं, बांगड्या वाजल्या.

“आला! आला गं!”

मागच्या बाईनं पुढं होऊन नळ धरला आणि तीही किंचाळली. मग तिसरी. मग सुकन्या. हात झटकत तिनं दोन्ही कर जोडले, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

सगळ्यांच्या डोक्यांवरून गौरम्मांनी जिन्याकडं बघितलं आणि उपकार मानल्यासारखी मान हलवली.

प्लग अजून सुदर्शनच्या हातातच होता.