निम्मा कप

सुईच्या नेढ्यातून दोरा तिसऱ्यांदा हुकला, तशी शिवणाच्या ताईंनी सुई टाकली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. कालपासून कपाळात घण पडत होते. बोटं कापत होती. आईचंही असंच सुरू झालं होतं. मग तिच्या डोक्यात गाठ निघाली आणि तीन महिन्यांत ती गेली.

समोरच्या कॉटवर धाकटा भाऊ घामाघूम होऊन बसला होता. त्याने दारू बंद केल्याला आज तिसरा दिवस. परवा तो काकुळतीला येऊन म्हणाला होता, "ताई, डॉक्टरांकडे चल ना माझ्याबरोबर. एकट्याने नाही जमत गं."

ताईंची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार. "नाटकं नकोत! सोडायची म्हटली की सुटते. हे बघ, मी आत्तापासून चहा सोडला."

दिवसाला चौदा कप रिचवणारी बाई ती. पण बोलली तशी वागली. किटली पालथी घातली ती घातलीच.

आता मात्र भावाला काही न सांगता त्या डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या. आईच्या गाठीचं सांगतानाच त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, रक्तदाब पाहिला. "एवढ्यात काही बंद केलंय का?"

"चहा."

"किती व्हायचा?"

आकडा ऐकून बाई हसल्याच. "गाठबीठ काही नाही हो. तुमचं अंग चहा मागतंय."

"पण मी अगदी मनापासून सोडलाय!"

"मनाने सोडला. अंगाला कुणी विचारलं? आज निम्मा कप घ्या. मग रोज थोडा थोडा कमी करा."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. "बाई, दारूचंही असंच असतं?"

"त्याहून वाईट. फार पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जिवावर बेततं. पण औषध आहे त्यावर. कोण आहे घरी? आत्ताच्या आत्ता घेऊन या."

ताई घरापर्यंत जवळजवळ धावतच आल्या. "चप्पल घाल! डॉक्टर थांबल्यात. औषध आहे रे, औषध आहे!"

धाकटा स्वयंपाकघरातून बाहेर आला. त्याच्या दोन्ही हातांत मिळून एक कपबशी होती. हात इतके थरथरत होते, की निम्मा चहा बशीत सांडला होता.

"आधी हे घे," तो म्हणाला. "तुझा दोरा हुकला ना, तेव्हाच कळलं मला. नाटकं नसतात गं ती, ताई."