लाल ताट

"भात का टाकलात?" मी विचारलं.

"संपवला की सगळा," म्हणत हे हात धुवायला उठले. पांढऱ्या ताटात अर्धा दहीभात तसाच होता.

मला लगेच संशय आला. म्हातारा होणारा मेंदू डोळ्यांसमोरचं कसं गाळतो, यावर ह्यांनी जन्मभर संशोधन केलं, आणि नवा प्रयोग सुचला की पहिला माझ्यावर. भिंतीवरचं घड्याळ गुपचूप हलवायचं आणि मला कधी कळतं ते बघत बसायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नसणार. म्हटलं, या वेळी मी फसायची नाही.

पुढे रोजच भात उरायला लागला. हे माझ्याकडे चोरून बघतात का, यावर मी नजर ठेवली. बघत नव्हते. मोतीबिंदू काढलेला, चष्माही नवा. मग मला ह्यांचंच एक भाषण आठवलं. पांढऱ्या ताटातला पांढरा भात थकलेल्या मेंदूला दिसत नाही, असं हे लोकांना बजावायचे.

आज मी लेकीचं लाल ताट काढलं आणि त्यात दहीभात वाढला. ह्यांनी शीतही ठेवलं नाही. बोटं चाटता चाटता मात्र थांबले. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे ताट का काढलंस?"

"पांढरी सगळी घासायला पडलीत."

धुतलेली पांढरी ताटं ह्यांच्या मागेच मांडणीत होती. जन्मात पहिल्यांदा ह्यांनी खात्री करून घेतली नाही.