टाचण्या लावलेला कोट

"निमंत्रकांत आमच्या ह्यांचं नाव पहिलं," अक्का म्हणाली, "आणि ठळक अक्षरात. वयाचा काही मान असतो की नाही?"

"पहिलं घाल, ठळक घाल, वाटल्यास चौकटीत घाल," मास्तर म्हणाले. "पण मजकूर आजच छापखान्यात गेला पाहिजे."

मास्तर आणि घाई? शिंपीकामात हयात गेलेला हा माणूस. एक बाही चारदा उसवेल, पण वाकडी टीप खपवून घ्यायचा नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी ह्यांचं आपलं सावकाश चालायचं. आणि आज लेकीच्या लग्नपत्रिकेसाठी त्यांनी नुसता धोशा लावला होता. अक्काला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्याचं नवलच वाटलं.

लेक टेबलाच्या टोकाला कागद घेऊन बसली होती. लहानपणी बापानं लाडानं ठकी म्हटलं, तेच नाव चिकटलं होतं. आत्या सांगेल ते ती मुकाट्यानं लिहीत होती. मधूनच फोन उचलून बघायची, पुन्हा पालथा ठेवायची.

"वेळ लिहिलीस?" अक्कानं विचारलं.

"आत्या, हे उद्या ठरवू या का? शांतपणे?"

"उद्या नाही!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की अक्काचा चहा बशीत सांडला.

काय सांगणार बिचारे!

दुपारी होणारा जावई लग्नाच्या कोटाच्या ट्रायलला दुकानात आला होता. मास्तरांनी कच्चा शिवलेला कोट त्याच्या अंगावर चढवला, खांद्यापासून कमरेपर्यंत टाचण्या लावल्या, आणखी दोन-चार ओठांत धरून ते खाली वाकले. तेवढ्यात तो आरशाकडे बघत म्हणाला, "काका, तुमच्यात काही कमी नाही, तिच्यात काही कमी नाही..." इथं अडखळला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "तुमच्यात काही कमी नाही, तिच्यात काही कमी नाही. माझंच मन तयार होत नाही."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. ओठांतल्या टाचण्या गिळल्या नाहीत, हेच नशीब.

त्यांनी उठून आधी शटर खाली ओढलं. जावई जाणार कुठं? हात जरा हलला की काखेत टोचायचं, वळायला गेला की कमरेत. मास्तर बोलले, रागावले, शेवटी रडले. बायको गेल्यावर एवढ्याशा पोरीला मशीनच्या बाजूला झोळीत निजवून कपडे कसे शिवले, ते सांगितलं. "तिला हे कळलं तर ती खचेल रे. फार आवडतोस तू तिला."

"खरंच?" तो चटकन वळला, टाचणी टोचली तरी. "तिनं सांगितलं तसं?"

"सांगायला कशाला हवं? बाप आहे मी तिचा!"

पोराचे डोळे भरून आले. लाजला असेल केल्या गोष्टीला, असं मास्तरांना वाटलं. शेवटी तो "बरं" म्हणाला. यातलं अवाक्षरही ठकीच्या कानावर घालायचं नाही, असं वचन घेतल्यावरच मास्तरांनी टाचण्या काढल्या.

पण धाकधूक जाईना. आज हो म्हणाला, उद्या पुन्हा फिरला तर? एकदा पत्रिका छापून वाटल्या, की मग कुणाची टाप आहे माघार घ्यायची!

"बाबा," ठकीनं खाली बघतच विचारलं, "आज कोटाची ट्रायल होती ना?"

"झाली की. काय बसलाय कोट!"

"काही बोलला तो?"

"काय बोलणार? बटणं आवडली म्हणाला."

ठकीचं पेन थांबलं.

"बघा बाई, आत्तापासून चौकशा!" अक्का हसली. "बरं, शेवटी नवरीकडून एखादी ओळ हवी. सांग गं, काय घालू?"

ठकीनं पुन्हा फोन उचलून बघितला.

"मी सांगतो," मास्तर म्हणाले. "'हा विवाह आमच्या लेकीच्या पसंतीने होत आहे.' कळू दे लोकांना, आम्ही काही लादलेलं नाही."

"ते नको, बाबा."

"का? लाजतेस?"

"नको म्हणते ना."

मास्तरांनी हसत तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं ती ओळ लिहिली. कागदाचा फोटो छापखान्यात पाठवला, वर फोनही केला. मशीन मोकळंच आहे, लगेच लावतो, असं छापखानेवाला म्हणाला. अक्का आपल्या नवऱ्याला नाव पहिलं आल्याचं कळवायला बाहेर गेली.

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि वळून बघितलं, तर ठकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

कळलं वाटतं हिला कुठून तरी. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"वेडे, रडतेस काय?" त्यांनी तिला जवळ घेतलं. "बिचकला होता जरा. नाही म्हणत होता. पण वळवला मी त्याला! आता घाबरायचं नाही. पत्रिका गेल्या छापायला, आता कुणाला मागे फिरता यायचं नाही."

ठकीनं डोळे पुसले.

"'काका, तुमच्यात काही कमी नाही, तिच्यात काही कमी नाही, माझंच मन तयार होत नाही,'" ती म्हणाली. "आठवडाभर पाठ करून घेत होते मी त्याच्याकडून, बाबा."