अ‍ॅन टलीचा रंग

चिकटलेली पानं कोर्टाच्या कारकुनाने सुरीच्या पात्याने अलगद सोडवली. ओळीवर बोट ठेवून त्याने वाचलं, "सन सतराशे सतरा, जून. सुझॅना, अ‍ॅन टलीची मुलगी. बाप्तिस्मा दिला."

सुझॅना डॉर्कसची आई. अ‍ॅन तिची आजी. नावं सापडली होती. पण अ‍ॅनचा रंग चर्चच्या वहीत कुणी लिहिला नव्हता.

मेरीलँडचा कायदा डॉर्कसला पाठ होता. आई मोकळी तर मूल मोकळं, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कुणीही असो. अ‍ॅन आयर्लंडहून चार वर्षांच्या करारावर आलेली गोरी मोलकरीण असेल, तर डॉर्कस आणि तिच्या दोन मुली आज आपल्या पायांनी घरी जाणार होत्या. नसेल, तर सोमवारी जॉर्जियाचा गुलामांचा व्यापारी मुलींना नेणार होता. त्याने दोघींचे दात तपासूनही झाले होते.

अ‍ॅन आली त्या बोटीवरच्या माणसांची यादी आगीत गेली होती. कराराचा कागद सापडत नव्हता. काळी म्हणून डॉर्कसला गोऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायची मुभा नव्हती.

"अ‍ॅनला पाहिलेलं एकही जिवंत माणूस नाही गं," तिचा वकील प्रायर पुटपुटला.

"आहे एक," डॉर्कस म्हणाली. "पण ती समोरच्या बाजूची आहे."

ती काठी टेकत आत आली. टेंपरन्स. डॉर्कसचा मालक एडमंड ब्रॅडवेल, त्याची ऐंशी वर्षांची आई. पाद्र्याच्या घरात वाढलेली, ब्रॅडवेलांची सून झालेली. तीस वर्षं डॉर्कसने तिची भांडी घासली होती, पण म्हातारीने तिच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. काम सांगतानाही ती खिडकीबाहेर बघायची.

"आई, घरी ठरलंय तेवढंच बोल," एडमंड तिच्या कानाशी ओरडला.

"बहिरी झालेय रे, बावळट नाही."

लोक हसले.

ब्रॅडवेलचा वकील अदबीने पुढे झाला. "बाईसाहेब, अ‍ॅन टलीला तुम्ही ओळखत होतात?"

"आमच्याच घरी होती ती. सुझॅना जन्मेपर्यंत मी तिच्याच मांडीवर असायचे."

"आणि सुझॅना?"

"माझ्या लग्नात आंदण दिली. माझ्याबरोबर आली."

"म्हणजे गुलामच. अ‍ॅनही काळीच होती ना? बार्बाडोसहून विकत आणलेली?"

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. "एडमंड, तुझं शपथेवर हेच म्हणणं आहे?"

"हेच, आई."

"मग तसं लिहून घ्या."

धाकट्या मुलीने डॉर्कसचा हात घट्ट धरला. "आई, संपलं का गं?" डॉर्कसने तिला जवळ ओढलं.

कारकुनाने टाक शाईत बुडवला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "आधी ती वही मागे उलट. सतराशे अकरा. मार्च."

प्रायरने मान वर केली. कारकून पानं उलटू लागला. एका ओळीवर त्याचं बोट थबकलं. त्याने जजकडे पाहिलं.

"वाच," जज म्हणाले.

"टेंपरन्स. अ‍ॅन टलीची मुलगी."

एडमंड ताडकन उठला. "आई, गप्प बस! गप्प बस म्हणतो ना!"

म्हातारीने काठी दोन्ही हातांनी धरली. तिने मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉर्कसकडे सरळ पाहिलं.

"ती टेंपरन्स म्हणजे मी," ती म्हणाली. "आता लिहा, अ‍ॅन गुलाम होती म्हणून. आणि मग कायद्याने मी कोण, माझा मुलगा कोण, तेही त्याच ओळीत लिहा."