हाताचा गुण

सोमाचं सुजलेलं मनगट भागीबाईंच्या मांडीवर होतं आणि त्यांच्याच दारातून कॉम्प्युटर बाहेर चालला होता.

आधी मॉनिटर गेला. टीव्हीएवढं ते धूड धनराजने पोटाशी धरलं, आईकडे न बघता ओट्याच्या पायऱ्या उतरला आणि रिक्षात ठेवून आला. सिडकोतल्या सायबर कॅफेवाल्याने सगळंच घेतलं होतं. उद्यापासून धनराज पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या भरायला जाणार होता.

"हलू नको," भागीबाई सोमाला म्हणाल्या. "गोणी अंगावर येईस्तोवर डोळे काय टेम्पोत ठेवले होतेस?"

"कांद्याची गोणी ती, मावशी. सांगून येती का?" सोमा कळवळत हसला. मग त्याचं लक्ष रिक्षाकडे गेलं. "भाऊ, कॉम्प्युटर विकला? आन मग आपली क्रिकेटची गेम?"

"बंद," धनराज म्हणाला आणि आत गेला.

"बंद कशी?" सोमाला आता मनगटापेक्षा हे जास्त दुखलं. "मावशी, दुकानात मिळती ती गेम गोऱ्यांची. भाऊने तिच्यात आमचं मैदान घातलं, आमची पोरं घातली. षटकार बसला की ह्यांचाच आवाज, 'चेंडू गेला द्राक्षाच्या बागेत, मालक निघाला काठी घेऊन!' लय हसायचो. आन एक रुपया घेत नव्हते."

"तेच तर." भागीबाईंनी अंगठा तेलात बुडवला. "दोन वर्षं डोळे फोडून बसला होता. लोक सीड्या भरभरून न्यायचे. चहा घे म्हणायला एक मेला आला नाही. मीच म्हटलं, वीस रुपये लाव. सोनं गिऱ्हाइकाचं असलं तरी सोनार घडणावळ सोडतो का कधी?"

"बरोबर हाय की."

"लावले," दारातून धनराज म्हणाला. आता त्याच्या हातात कॉम्प्युटरचा डबा होता. "आठ दिवसांत, ज्यांचे फोटो गेममध्ये घातले होते तीच पोरं इथं ओट्यावर आली. गेम गोऱ्यांची, तोंडं आमची, मग तू पैसे कशाचे घेतोस म्हणाली."

"मग?"

"मग काय. सगळ्यांचे परत केले. पुन्हा फुकट ठेवली. पण नवं काही होईना. माइकपुढं बसलो की तोंडातून शब्द निघेना." तो पायऱ्या उतरला.

भागीबाई मनगटावर तेल चोळत राहिल्या. वीस रुपये लावायचं ठरलं त्या दिवशी त्याने विचारलं होतं, "मग आई, तू का घेत नाहीस?" तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या होत्या, "माझ्या सासूने ही हाडं बसवायची विद्या देतानाच बजावलंय. पैसे घेतले की हाताचा गुण जातो. तुझ्या बटणांत रे कसला आलाय गुण?"

त्यांनी मनगट ओढलं. कट्‌कन आवाज झाला. सोमाने बोंब ठोकली, मग एकेक बोट हलवून बघितलं आणि लहान पोरासारखा हसला. त्यांनी आंबेहळदीचा लेप थापला, जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली.

उठताना सोमाने पन्नासची नोट काढली आणि तेलाच्या वाटीखाली सरकवली.

"मावशी, तुम्ही घेत नाय, म्हाइत हाय मला. पण घरात अडचण दिसती. ऱ्हाऊ द्या."

एका ठेकेदाराने असंच केलं होतं, तेव्हा भागीबाईंनी शंभराची नोट त्याच्या तोंडावर फेकली होती. गल्लीत अजून ती गोष्ट सांगतात. आज त्यांनी नोट तिथेच राहू दिली. सोमा हात छातीशी धरून नाक्याकडे निघाला. तिथे त्याचा जोडीदार टेम्पो घेऊन थांबला होता.

भागीबाईंनी रिक्षाकडे बघितलं. मॉनिटरची काळी काच उन्हात चमकत होती, तिच्यात त्यांचा ओटा दिसत होता, आणि ओट्यावर एक म्हातारी. त्यांचा हात वाटीकडे गेला. बोटं नोटेला लागली. बोटांचं तेल कागदात उतरलं, नोटेचा कोपरा पारदर्शक झाला.

धनराज शेवटच्या खेपेला बाहेर आला. कीबोर्ड काखेत, माइकची वायर गळ्यात. त्याने आईचा हात पाहिला.

कीबोर्ड तिथेच ओट्यावर टाकून त्याने त्यांच्या बोटांखालून नोट ओढली आणि अनवाणी धावत सुटला. टेम्पो चालू झाला होता. त्याने फळीवर थापा मारून तो थांबवला, नोट खिडकीतून आत कोंबली आणि सोमा काही बोलायच्या आत परत फिरला.

धापा टाकत तो ओट्याशी आला. गळ्यातला माइक अजून छातीवर आपटत होता.

"कशाला गेलास?" भागीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजाला आज धार नव्हती.

धनराजने वाकून कीबोर्ड उचलला, त्यावरची धूळ बाहीने पुसली.

"तुझा तरी राहू दे, आई."