धुण्याचे पैसे

ब्रिटनमध्ये कामाचा गणवेश घरी धुणाऱ्यांना सरकार थोडा कर परत देतं. स्वान्सीचा बसचालक गेथिन याचा परतावा आला खरा, पण तो मिळवून देणाऱ्या कंपनीने निम्मी रक्कम परस्पर फी म्हणून कापून घेतली. गेथिन फोनवर कडाडला, "फीचं आधी एका शब्दाने बोललात का? चार वर्षं हा गणवेश घासघासून धुतोय मी! आणि पाण्यात बोटही न बुडवता तुम्ही निम्मे पैसे लाटता? लाज कशी वाटत नाही हो?"

खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर त्याचा ओला शर्ट पसरत बायको नेरिस म्हणाली, "थांब, फोन ठेवू नकोस. बोट न बुडवता उरलेले निम्मे कोणी लाटले, तेही विचार की त्यांना!"